मोजणारे नऊ, वाहणारे सहा

आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर किराणा दुकानात खपली गव्हाच्या पिठाची पिशवी मिळते. सांगली-साताऱ्याकडे आणि बेळगावच्या बाजूला आजही थोडाफार पिकणारा, गुळात शिजवून खीर करतात तोच हा गहू. याचं टरफल दाण्याला इतकं घट्ट धरून असतं की मळणी झाली तरी सुटत नाही. उखळात घालून मुसळानं सडावं लागतं, तेव्हा कुठे दाणा मोकळा होतो. प्राचीन इजिप्तचा गहूही हाच. पिरॅमिडचे दगड ओढणाऱ्यांची भाकरी याच गव्हाची होती. ग्रीक लोक तिथे राज्य करायला येईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षं, इजिप्तनं मुख्यतः खपली आणि जव ही दोनच धान्यं पिकवली, साठवली, मोजली आणि वाटली. पगार त्यातच द्यायचे, करही त्यातच भरायचे.

आई गावाहून आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा एका शनिवारी आम्ही मेट्रोपार्क स्टेशनवरून गाडी धरली आणि न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलो. ममी बघून तिला फारसं काही वाटलं नाही. ती थांबली ती एका काचेच्या पेटीपुढे. पेटीत लाकडी कोठार होतं. चारही कोपरे वर टोकदार निघालेले, जिन्यानं वर चढणारी वीतभर उंचीची माणसं, त्यांच्या खांद्यावर पोती. पलीकडच्या ओवरीत कारकून बसलेले, दोघांच्या मांडीवर पपायरसच्या गुंडाळ्या आणि दोघांच्या हातात लाकडी पाट्या. आईनं बोट दाखवून माणसं मोजली आणि म्हणाली, “अरे, वाहणारे सहा आणि मोजणारे नऊ! आपल्या खळ्यावर असंच असायचं. रास उचलायच्या आधी सगळे हजर.” मग ती शेजारच्या पेटीकडे वळली. तिथे पुरुष उखळात मुसळानं धान्य कांडत होते आणि बायका गुडघ्यावर वाकून दगडावर पीठ वाटत होत्या. खपली सडायची कशी, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ही लाकडी माणसं मेकेत्रेच्या थडग्यातली. मेकेत्रे हा दुसऱ्या मेंतुहोतेपच्या काळापासूनचा मोठा अधिकारी. फुटलेला इजिप्त या राजानं इ.स.पू. २०५०च्या सुमारास पुन्हा एक केला. थेबीसच्या डोंगरातलं मेकेत्रेचं थडगं चोरांनी फार पूर्वीच लुटलं होतं. १९२० साली हर्बर्ट विनलॉक हा मेट म्युझियमचा संशोधक केवळ नकाशा काढायचा म्हणून ते साफ करून घेत होता. एका मजुराच्या लक्षात आलं की दगडाचे बारीक तुकडे एका फटीतून आत घरंगळताहेत. फटीत उजेड पाडला तर आत छोटी खोली, आणि तिच्यात चार हजार वर्षांपूर्वीचा अख्खा वाडा माणसांसकट उभा: गोठा, खाटीकखाना, भट्टी, माग, बाग, होड्या आणि कोठार. सगळे मिळून चोवीस नमुने. निम्मे कैरोत राहिले, निम्मे न्यूयॉर्कला आले. कैरोतल्या एका नमुन्यात मेकेत्रे स्वतः ओसरीत बसलाय, शेजारी कारकून आहेत आणि समोरून त्याची गुरं एकेक करून मोजून चालली आहेत.

मेकेत्रेला परलोकात सोबत काय न्यावंसं वाटलं, ते बघा. सोनं चोरांनी नेलं असेलही, पण ज्याच्यावाचून आपलं चालणार नाही असं वाटून त्यानं जे भिंतीआड जपून ठेवलं, त्यात हिशेब होता.

इजिप्तचं सरकार म्हणजे काय, हे त्या कोठारातून जितकं कळतं तितकं पिरॅमिडवरून कळत नाही, असं मला वाटतं. नाईल नदी दर पावसाळ्यात चढायची. पाऊस पडायचा दूर इथिओपियाच्या डोंगरात, पण पाणी आणि काळा गाळ यायचा इजिप्तच्या शेतात. पूर किती हात चढला, हे दगडात कोरलेल्या खुणांवर बघायचं. फार चढला तर बांध आणि गावं वाहून जायची, कमी चढला तर उपासमार. जुन्या राजांच्या शिलालेखी बखरीत वर्षावर्षाच्या नोंदी आहेत, आणि त्या वर्षी पाणी किती हात चढलं हे त्यांच्यात लिहिलेलं आहे. वर्षाला क्रमांक देण्याचीही त्यांची एक रीत होती: गुरांच्या अमुकाव्या मोजणीचं वर्ष. म्हणजे काळसुद्धा गुरांच्या शिरगणतीनं मोजायचे. ऋतू तीन होते: पुराचा, पेरणी-उगवणीचा आणि सुगीचा. प्रत्येकी चार महिने, महिना तीस दिवसांचा आणि वर्षाअखेरी वरचे पाच दिवस.

राजा देव होता, वजीर त्याचा कारभारी होता आणि वजिराखाली कोठारांचे, गुरांचे, कालव्यांचे, खाणींचे अधिकारी होते. ही उतरंड पुस्तकात वाचली की कोरडी वाटते. पण तिचं रोजचं काम कसं चालायचं, याचा एक कागद २०१३ साली सापडला. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच संशोधकाला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजकीर्द मिळाली. लिहिलेला पपायरस म्हणून जगातला हा सगळ्यात जुना. खुफूच्या थोरल्या पिरॅमिडचं काम तेव्हा अखेरच्या टप्प्यात होतं. मेरेर आपल्या माणसांची टोळी घेऊन तुराच्या खाणीतला पांढरा चुनखडी दगड होडीत भरायचा आणि नाईलच्या कालव्यांतून गिझाला पोचवायचा. आज कुठे मुक्काम केला, दगड कुठे उतरवला, रात्र कुठे काढली, हे दिवसादिवसाला लिहिलेलं आहे. सोबत भाकरी आणि धान्य किती आलं, त्याचे रकाने आहेत. जगातलं एक महाआश्चर्य उभं राहत असताना मेरेर त्याचं मस्टर भरत होता.

पण सरकारी कागदात माणूस सहसा आकडा होऊनच येतो. इजिप्तचं मोठं नशीब असं, की काही कागद घरचेही उरले.

थेबीसलाच १९२१-२२च्या हंगामात विनलॉकला आणखी काही पपायरस मिळाले. तेही आज मेटमध्ये आहेत. हेकनख्त नावाच्या माणसाची ही पत्रं आणि हिशेब, इ.स.पू. १९५०च्या आसपासचे. हेकनख्त इपी नावाच्या मयत वजिराच्या थडग्यावर नैवेद्य-पूजेची सेवा करायचा, आणि घरी शेती होती. आपल्याकडच्या देवस्थान-इनामाच्या वहिवाटदाराशी त्याचं बऱ्यापैकी जुळतं. कामासाठी तो घरापासून लांब राहिला होता आणि तिथून घरच्या लोकांना लिहीत होता.

ही पत्रं मी पहिल्यांदा भाषांतरात वाचली तेव्हा माझ्या आजोबांच्या, मुंबईच्या गिरणीतून गावी पाठवलेल्या पत्रांची आठवण झाली. तीच घाई, तीच धास्ती. हेकनख्त मेरिसूला लिहितो. मेरिसू मागे राहून घरची शेती पाहत होता. पुराचं पाणी माझ्या शेतात चढेल तेव्हा लक्ष ठेव, बी-बियाणं जप, माझ्या धान्याचा दाणान् दाणा सांभाळ, काही कमी-जास्त झालं तर तुला धरीन, असं सगळं त्यात आहे. मग रागावतो. सिहाथोर नावाच्या माणसाच्या हाती घरून त्याला जुने, सुकलेले जव पाठवले होते. नवं धान्य तुम्ही खाताय आणि मला शिळं पाठवताय, हे त्याला लागलेलं आहे. परगावी राहून घर चालवणाऱ्या माणसाला घरून आलेल्या डब्यात काय होतं, यावरून सगळं कळतं. त्याचा तो राग मला अगदी ओळखीचा वाटतो.

दुसरं पत्र आईला, आणि घरातल्या सगळ्यांना उद्देशून. दुष्काळ आहे. लोक उपाशी आहेत. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घालून महिन्याचं धान्य किती मिळणार, त्याचा तक्ता त्यानं पत्रातच मांडलाय. आईला आणि तिच्या दासीला मिळून माप मोठं आहे, लहानांना कमी. ज्याला हे पुरेसं वाटणार नाही त्यानं माझ्याकडे येऊन राहावं, असंही सुनावलंय. दुसऱ्यांच्या घरापेक्षा आपल्याकडे बरं चाललंय, हे तो परोपरीनं पटवून देतो. स्नेफ्रू हा त्याचा लाडका. त्याला हवं ते द्या, असं तो पुन्हा पुन्हा लिहितो. आणि नव्या बायकोचा प्रश्न आहे. घरातली माणसं तिला छळतात. सेनेन नावाच्या दासीनं तिला काही त्रास दिला असावा, कारण मेरिसूच्या पत्रात सेनेनला ताबडतोब घराबाहेर काढा असा हुकूम आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका एकत्र कुटुंबाचं चूलपाणी, भांडणतंटा आणि धान्याची कणगी, सगळं या दोन पत्रांत येतं.

याच पत्रांतून नाण्याविना व्यापार कसा चालायचा तेही दिसतं. हेकनख्तला पेरहाआ नावाच्या गावात जमीन खंडानं घ्यायची होती. खंड आगाऊ द्यायचा. पैसा नव्हता, कारण इजिप्तमध्ये नाणं यायला अजून दीड हजार वर्षं होती. मग खंड कशात द्यायचा? तांबं, जव आणि घरी विणलेलं कापड. कापडाची किंमत ठरवून घ्या आणि तेवढ्याची जमीन घ्या, असं सांगितलं. घरातल्या बायकांनी मागावर विणलेलं लुगड्यासारखं पातळ कापड म्हणजे पुढच्या सुगीची जमीन. त्या मागावर बसलेल्या बायकांचा घामही त्या खंडात होता, आणि हेकनख्तला ते पक्कं ठाऊक होतं.

पुढे, इतिहासकार ज्याला ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात, भाव तांब्याच्या वजनात सांगू लागले. देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम. पण तांबं प्रत्यक्ष हातोहात फारसं फिरायचं नाही. एखाद्या वस्तूची किंमत इतके देबेन असं ठरवायचं आणि मग टोपली, तेल, कापड, शेळी, धान्य असं जमवत जाऊन दोन्ही बाजू सारख्या करायच्या. एकाच सौद्यात पाच-सहा जिन्नस असायचे. दूरचा व्यापार बहुतेक राजाचा आणि देवळांचा. बिब्लॉसहून देवदाराचं लाकूड यायचं, अफगाणिस्तानातला निळा लाजवर्द हातोहात प्रवास करत यायचा. हतशेप्सुत राणीनं आपल्या नवव्या वर्षी तांबड्या समुद्रातून पुंत देशाला जहाजं धाडली आणि तिथून धूपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत आणली. देर अल-बहरीच्या देवळाच्या भिंतीवर ती झाडं खांद्यावर घेऊन निघालेली माणसं कोरलेली आहेत.

याच समुद्रमार्गाच्या दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र यायला मात्र फार काळ जावा लागला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तवर रोमचं राज्य असताना, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं खलाशांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिचं नाव ‘पेरिप्लस’. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर आहे. पैठणहून अकीकाचे दगड आणि तेरहून साधं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला उतरायची आणि मग जहाजात चढायची. त्या मालावर इजिप्तच्या सरहद्दीवर चौथा हिस्सा जकात होती. बेरेनीके या तांबड्या समुद्रावरच्या बंदरात सापडलेल्या एका भारतीय रांजणात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी होती. आपल्याकडच्या कोष्ट्यांचं कापड त्या वाळवंटातून उंटावर लादून नाईलपर्यंत पोचायचं. तेरच्या बाजारात बसणाऱ्याला ते कुठे चाललंय हे ठाऊक असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण मी इजिप्तच्या सर्वसामान्य माणसापाशी परत जातो, कारण त्याच्याच घरी खपलीचं पोतं यायचं किंवा यायचं राहायचं.

ब्रुकलिन म्युझियममधला एक पपायरस दोन पिढ्यांच्या लेखणीतून आलाय. पुढच्या बाजूला सरकारी वेठीचं काम टाकून पळालेल्या सुमारे ऐंशी जणांची यादी आहे. वेठबिगार आपल्याकडे होती तशीच तिथेही होती. कालवा खणायचा, सरकारी शेत नांगरायचं, त्यासाठी गावातून माणूस द्यायचा. पळून गेला तर त्याच्या घरच्यांना पकडून ठेवायचे. यादीत प्रत्येक नावापुढे शेरे आहेत: हजर झाला, हुकूम झाला, निकाल लागला. त्यात बायकाही आहेत. मागच्या बाजूला, कित्येक वर्षांनी, एका घरातल्या नव्वदहून अधिक चाकरांची यादी लिहिली गेली. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक परमुलखातले, पूर्वेकडचे, मूळच्या सेमिटिक नावांचे. त्यांना इजिप्शियन नावं दिलेली आहेत आणि जुनं नाव शेजारी नोंदवलंय. त्यांच्यातल्या कित्येक बाया विणकर होत्या. दोन नावं घेऊन जगणाऱ्या या बायांची यादी मी बराच वेळ बघत उभा राहिलो. परदेशात येऊन ज्यानं शाळेत, कचेरीत आपलं नाव लोकांना म्हणता येईल असं करून घेतलंय, त्याला तो दोन नावांचा रकाना वाचताना जड जातं. आणि या बाया तर स्वतःच्या मर्जीनं आलेल्याच नव्हत्या.

आता देर अल-मदीना. राजांच्या खोऱ्यातली थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं हे गाव, थेबीसजवळ डोंगराच्या कुशीत. तटबंदीत सुमारे सत्तर घरं. जागा अशी कोरडी, की घोटभर पाणीसुद्धा खालून गाढवावर आणावं लागायचं. पाणके, धोबी, कोळी, माळी, लाकूडतोडे, कुंभार, सगळे सरकारनं नेमून दिलेले आणि गावाला माल-काम पुरवायला बांधलेले. आपल्या बलुत्याशी त्याचं साम्य डोळ्यांत भरतं. फरक एवढाच, की इथे बलुतं गाव देत नव्हतं, राजाचं कोठार देत होतं. आणि खुद्द कारागिरांनाही महिन्याचा पगार धान्यातच: साध्या कामगाराला चार खार खपली भाकरीसाठी आणि दीड खार जव बिअरसाठी. खार म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर लिटरचं पोतं. मुकादमाला त्याहून जास्त.

आठवडा दहा दिवसांचा होता. कामाचे दिवस डोंगरावरच्या झोपड्यांत काढायचे आणि सुट्टीला घरी यायचं. रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचं एक हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या चपट्या दगडावर चाळीस कामगारांची नावं, काळ्या शाईत तारखा आणि त्यावर लाल शाईत गैरहजेरीची कारणं. डोळे आलेत. विंचू चावला. बिअर गाळायला घरी. बायको किंवा मुलगी विटाळशी. आईच्या देहाला कापड गुंडाळायला गेला. आईचं ते कारण वाचल्यावर तो दगडाचा तुकडा पुरातन राहत नाही.

इथेच, रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या मध्यावर, जगातला पहिला नोंदलेला संप झाला. धान्य वेळेवर येईनासं झालं होतं. आधी गावाचा कारकून अमेननख्त स्वतः एका देवळात गेला आणि ४६ पोती खपली घेऊन आला, तेव्हा थोडं भागलं. पुन्हा उशीर झाला. महिन्याचे अठरा दिवस उलटले. मग कामगारांनी हत्यारं खाली ठेवली आणि थडग्यांच्या हद्दीच्या पाच तटबंद्या ओलांडून तुथमोसिस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी समजूत काढायला आले, शपथा घालायला आले. कामगार उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते रामेसियमकडे, रामसेस दुसऱ्याच्या मोठ्या देवळाकडे सरकले. त्या देवळाच्या पाठीमागे विटांच्या कमानीची लांबलचक कोठारं होती. त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे उपाशी माणसं धान्यानं भरलेल्या, किंवा भरलेली असायला हवी अशा, कोठाराच्या दारात येऊन बसली होती.

त्यांचं म्हणणं कारकुनानं लिहून घेतलं. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली. अंगावर कापड नाही, अंगाला तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. फॅरोला कळवा, वजिराला कळवा, आम्हाला जगायला काहीतरी मिळायला हवं. या मागण्यांत सोनं-चांदी नाही, जमीन नाही, कुणाला शिक्षा करा असंही नाही. मागच्या महिन्याचं थकलेलं धान्य त्यांना मिळालं. पण पुढेही खंड पडत राहिला, लोक पुन्हा पुन्हा बाहेर पडत राहिले. वजिराकडून निरोप आला तो असा, की कोठारातच काही नाही, जे सापडलं ते दिलंय. अर्धं माप. रामसेस तिसऱ्याच्या मेदिनेत हाबू इथल्या देवळाच्या भिंतीवर सणावारांच्या नैवेद्याचे तक्ते कोरलेले आहेत. भाकऱ्यांचे, बिअरच्या घागरींचे आकडे आहेत. देवळापासून कामगारांचं गाव पायी थोड्याच वेळाच्या अंतरावर. भिंतीवरचे ते आकडे खोदणारे हात आणि रिकामं पोतं घेऊन बसलेले हात एकाच खोऱ्यातले होते. त्या राजवटीनंतर इजिप्तला ओहोटी लागली. त्याची कारणं इतिहासकार परकीय स्वाऱ्यांत, नाईलच्या पुरात, मंदिरांच्या वाढत्या जमिनीत शोधतात आणि ती खरीही आहेत. मला मात्र ती ओहोटी त्या अर्ध्या मापात पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

त्याच गावात दहा-बारा वर्षांनी नौनख्ते नावाची बाई म्हातारी झाली. रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी ती गावच्या पंचांपुढे उभी राहिली आणि आपलं मृत्युपत्र लिहवून घेतलं. तिनं आठ मुलं वाढवली. सगळ्यांना संसाराला लागेल ते दिलं. आता आपण थकलो आणि त्यातले काही जण विचारपूसही करत नाहीत. ज्यांनी हातात हात दिला त्यांना माझा हिस्सा मिळेल, ज्यांनी दिला नाही त्यांना नाही. वडिलांचा वाटा त्यांना मिळेल, पण माझा नाही. ज्या मुलानं सांभाळलं त्याला इतरांपेक्षा जास्त एक काशाचं धुण्याचं भांडं दिलं. बाईची स्वतःची मालमत्ता होती, तिच्याबद्दल तीच ठरवत होती, आणि पंचांनी ते लिहून घेतलं. वर्षभरानं मुलं पुन्हा पंचांपुढे आली आणि आईचं म्हणणं मान्य असल्याची शपथ घेऊन गेली.

आईला मी ही गोष्ट गाडीत परतताना सांगितली. मेट्रोपार्क येईपर्यंत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं विचारलं, “त्या भांड्याचं वजन किती होतं रे?”

नौनख्तेनं मृत्युपत्र केलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, रामसेस पाचव्याच्या चौथ्या वर्षी, राजाचे कारकून मध्य इजिप्तमध्ये शेतं मोजत फिरत होते. तो पपायरस आज ब्रुकलिनला आहे, दहा मीटरच्या आसपास लांब. कोणता तुकडा कुठे, वहिवाटदार कोण, पीक किती अपेक्षित, सरकारचा हिस्सा किती. सैनिक, पुजारी, गुराखी, घोड्यांचे रखवालदार, आणि बायकाही. गावाकडचा सातबारा ज्यानं हातात धरून वाचलाय त्याला तो कागद परका वाटणार नाही.

हेकनख्तचं एक पत्र राहिलं. ते हेरुनेफर नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याला लिहिलंय. अक्षर सुरेख आहे, भाषा अदबीची आहे, मेरिसूला लिहिताना जसा तो रागावतो तसं इथे काही नाही. काही लोकांकडे त्याचं धान्य येणं होतं, ते वसूल करायला मदत करा, अशी विनंती. कुणाकडे धान्य नसेल तर तेलही चालेल, दोन पोती जवाला किंवा तीन पोती खपलीला एक घागर. पण मला माझं येणं जवातच मिळालं तर बरं, असंही त्यानं पुढे घातलंय. पत्राची घडी घातलेली होती, दोरा बांधलेला होता आणि त्यावर मातीची मोहोर होती. विनलॉकला ते तसंच सापडलं, मोहोर न फोडलेलं. हेरुनेफरनं ते कधी उघडलंच नव्हतं.